मठपती सरांचा पाय

सरांच्या शोकसभेत दोन भाषणं झाली. दोन्ही चांगली झाली आणि दोन्हींत सर सापडले नाहीत.

पहिले वक्ते म्हणाले, सर कट्टर विवेकवादी होते. लिंगायतांच्या जंगम घरात जन्मले, पण गळ्यात लिंग ठेवलं नाही, घरात देव्हारा मांडला नाही, मुलीचं लग्न रजिस्टर पद्धतीनं केलं. दुसरे वक्ते समाजाचे पदाधिकारी. ते म्हणाले, वरून काहीही दिसो, सर आतून श्रद्धावान. वेळ आली तेव्हा एका भाविक मातेच्या शेवटच्या इच्छेखातर त्यांनी जंगमाचं कर्तव्य पार पाडलंच. श्रोत्यांनी दोघांच्याही बोलण्याला माना डोलावल्या.

ती भाविक माता म्हणजे माझ्या सासूबाई. 'भाविक माता' हे ऐकायला त्या असत्या तर उठून गेल्या असत्या. त्या प्रसंगाला मी हजर होते, दोन्ही वक्ते नव्हते. तेव्हा मला माहीत आहे ते सांगून टाकते.

गुरुलिंग मठपती धाराशिवला आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. मी रसायनशास्त्र शिकवते. त्यांच्या विषयाला मुलं इतकी कमी की दर जूनमध्ये विभाग बंद पडणार अशी बातमी यायची. मग सर प्रवेशाच्या रांगेत जाऊन उभे राहायचे आणि एकेका मुलाला विचारायचे, "तुला कधी प्रश्न पडतो का रं?" पडतो म्हणणाऱ्याला हाताला धरून आणायचे. विभाग आणखी एक वर्ष जगायचा.

उंच, किडकिडीत माणूस. चालताना मान एका बाजूला कललेली, जणू कुणी शेजारून काही सांगतंय. वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी, स्टाफरूममध्ये आले की गावाकडची. जेवायला डबा उघडला की पहिला घास घेण्याआधी त्यांचा डावा तळहात आपोआप उताणा व्हायचा आणि क्षणभर तसाच राहायचा. लिंगायत माणूस पूजेला लिंग डाव्या तळहातावर घेतो. लहानपणी लागलेली सवय. लिंग सुटलं, हात राहिला. कुणी लक्षात आणून दिलं की ते हाताकडे असे बघायचे, जसा काही तो दुसऱ्याचा आहे, आणि म्हणायचे, "ह्याला अजून सांगितलेलं न्हाय."

मी कॉलेजात रुजू झाले त्या आठवड्यात ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या शास्त्रात शुद्ध म्हंजे काय?"

मी सांगितलं, पूर्ण शुद्ध असं बाटलीत काहीच नसतं. किती भेसळ चालेल हे कामावर ठरतं. धुण्याला एक चालतं, औषधाला दुसरं.

त्यांना इतका आनंद झाला की मला संशय आला, माझी चेष्टा चाललीय. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी वर्गात सोवळं-ओवळं हा धडा माझ्या नावानं शिकवला. धर्म म्हणतो शुद्ध ही वस्तूतच असते, आणि आपल्या नव्या मॅडम म्हणतात शुद्ध हे कामापुरतं असतं. आता सांगा, माणूस कोणत्या कामाला अशुद्ध असतो? मुलं माझ्याकडे प्रॅक्टिकलच्या वेळी वेगळ्याच नजरेनं बघत होती.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पटलं न्हाय तरी चालंल, कळलं पाहिजे." या वाक्यापायी त्यांनी पुष्कळ लोकांना त्रास दिला.

शिकवताना ते प्रत्येक मत काही दिवस स्वतः पाळून बघायचे. उपयुक्ततावाद आला की जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. स्टाफरूममध्ये एकच कूलर, त्याचं तोंड कायम विभागप्रमुखांकडे. सरांनी हिशेब मांडला की उन्हातून आत-बाहेर करणाऱ्या शिपायांना आणि दाराजवळच्या बाकाला वारा मिळाला तर सुखाची बेरीज वाढते. त्यांनी कूलर दाराकडे फिरवला. विभागप्रमुख रुसले, त्यांच्यादेखत शिपायांना वाऱ्यात बसणं अवघड झालं, आणि निम्मा वारा व्हरांड्यात जाऊ लागला. आठवडा संपायच्या आत कूलर जागेवर. सर म्हणाले, बेरीज बरोबर होती, पण बेरीज करणारा सगळ्यांचा नावडता होतो हे पुस्तकात लिहिलेलं नाही.

अस्तित्ववादाच्या दिवसांत निवड महत्त्वाची. माणूस जे निवडतो ते तो होतो, म्हणून कोणतीच निवड झोपेत करायची नाही. कँटीनवाल्यानं चहा की कॉफी विचारलं की सर डोळे मिटून उभे. कँटीनवाला शेवटी म्हणाला, "सर, तुमचं स्वातंत्र्य हुईस्तोर माजं दूध नासंल." हे वाक्य सरांनी पुढं कित्येक वर्षं परीक्षेत 'चर्चा करा' म्हणून घातलं.

वर्गात वादाला ते मुलांच्या उलट्या बाजू लावायचे. देवभोळ्या घरातल्या मुलानं जडवाद मांडायचा, आणि घरात देव न मानणाऱ्या बौद्ध मुलीनं भक्ती. अणदूरच्या एका मुलाच्या वाट्याला 'देव नाही' आलं. घरी खंडोबाचं सगळं कडक. वडील कॉलेजात आले ते थेट वर्गात. माझ्या पोराला देव न्हाय म्हणायला लावलं ते मास्तर कुठंय, असं विचारत. सरांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि म्हणाले, तुमचीच वाट बघत होतो, या बाजूनं बोलायला कुणीच तयार नाही. माणूस गोंधळला, बसला. आमचा देव, ते म्हणाले, वर्षातला काही काळ अणदूरला असतो, काही काळ नळदुर्गाला. दोन गावांचा तसा करार आहे. मग थोडं थांबून म्हणाले, "तुमी म्हणता देव न्हाय. आमच्या गावात बी कधी कधी नसतो. तवा आमी तो नळदुर्गाला गेलाय म्हणतो. तुमचं ते पुस्तकवाले काय म्हणतात तवा?"

वर्ग हसला. सर मात्र खडू हातात धरून तसेच उभे राहिले. स्टाफरूममध्ये आल्यावर म्हणाले, देव असणं, नसणं, हे दोनच रकाने आपण धरून बसलोय. ह्या माणसानं तिसरा काढला.

"स्वामी, तो रकाना आमच्याकडं पहिल्यापासून होता," वाघमारे सर म्हणाले.

वाघमारे राज्यशास्त्राचे. कळंबकडचे, बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक विहिरीत सोडले, हे ते अभिमानानं सांगत. मठपती सरांना ते मुद्दाम 'स्वामी' म्हणायचे आणि सर त्यांना 'भंते'. दोघांचं रोजचं भांडण एकच: 'मी' म्हणून काही आहे की नाही. वाघमारे म्हणत, बुद्धानं सांगितलं आत्मा नाही. तुमचे पाश्चात्त्य लोक शेकडो वर्षांनी तिथं पोचले आणि मोठा शोध लावला म्हणून मिरवतात. सर म्हणत, पोचले खरे, पण वेगळ्या वाटेनं. वाट वेगळी असली की गावही थोडं वेगळं निघतं. तुमच्याकडं 'मी' नाही हे कळलं की दुःख कमी होतं. त्यांच्याकडं कळलं आणि त्यांना झोप लागेना. असं का? मग घंटा वाजायची.

आता सासूबाई.

नीलव्वा. माहेर उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. सासरे लवकर गेले, तेव्हा भुसाराचं दुकान त्यांनी चालवलं. बाजारातले हमाल त्यांना 'अव्वा' म्हणायचे आणि अडते घाबरायचे. कन्नडमध्ये विचार करायच्या, मराठीत भांडायच्या. सर आमच्याकडे पहिल्यांदा आले ते माझ्या नवऱ्याकडं ज्वारी घ्यायला. सासूबाईंनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि उठून उभ्या राहिल्या. सरांचे वडील त्यांच्या माहेरगावचे मठपती निघाले.

मठपती म्हणजे काय ते सांगायला हवं. जंगम हे आमच्या समाजाचे पुरोहित, आणि गावागावांत जन्मापासून मरणापर्यंतचे विधी सांभाळणारं घराणं ते मठपतीचं. आमच्यात माणूस गेला की त्याला बसवतात आणि बसलेल्या स्थितीत पुरतात. त्याआधी जंगम येतो आणि आपला उजवा पाय गेलेल्याच्या डोक्यावर ठेवतो. त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. बाहेरच्याला विचित्र वाटतं. आम्ही लहानपणापासून बघतो, त्यामुळं आम्हाला काहीच वाटत नाही.

सरांना वाटलं होतं. हे त्यांनी आमच्याच घरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाताना सांगितलं. वडील अंथरुणाला खिळले होते आणि गावात एक शेतकरी वारला. घरातला पुरुष म्हणून शाळेतल्या मुलाला नेलं. ज्याच्या पाठीवर बसून हा मुलगा विहिरीत पोहायला शिकला होता, त्याच माणसाच्या डोक्यावर त्यानं पाय ठेवला. नंतर म्हाताऱ्या बायका येऊन त्याच्या पाया पडल्या. शहरात शिकायला गेल्यावर सरांनी पहिलं काम लिंग उतरवून ठेवायचं केलं आणि ठरवलं, हा पाय पुन्हा कुणाच्या डोक्यावर जाणार नाही. आयुष्यात त्यांनी एवढा एकच नियम केला होता. बाकी सगळं ते बदलून बघायचे, हा नियम मात्र कधीच नाही.

सासूबाईंचं सगळं ऐकून झालं. त्या म्हणाल्या, "गळ्यात लिंग न्हाय, कसले जंगम तुमी?"

"अव्वा, म्या राजीनामा दिलाय."

"जातीचा राजीनामा? आन् मंजूर कुणी केला?"

त्या त्यांना नेहमी 'तुम्ही'च म्हणत. त्या ऐंशीच्या घरात, सर त्यांच्या मुलाच्या वयाचे, पण जंगम म्हणून 'तुम्ही'. सरांना ते टोचायचं. त्यांनी बऱ्याचदा सांगून बघितलं. सासूबाई म्हणायच्या, बरं, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा 'तुम्ही'.

मग त्यांची किडनी गेली. डॉक्टरांनी डायलिसिस सुचवलं, त्यांनी नको म्हटलं, आणि डॉक्टरांनीही फार आग्रह केला नाही. घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसून घेताना त्या मला म्हणाल्या, "मठपतीला सांगून ठिव. पाय त्यांचाच पाहिजे."

मी सांगितलं, आपल्या गल्लीतले स्वामी आहेत, बोलावलं की येतात, मठपती सर हे करत नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले. हा त्यांचा दुकानातला जुना मार्ग; गिऱ्हाईक जास्त बोलायला लागलं की डोळे मिटायच्या.

मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं. आडून विचारण्यात मला अर्थ दिसला नाही. मला हो किंवा नाही एवढंच हवं होतं, म्हणजे पुढची व्यवस्था करता आली असती.

सर म्हणाले, "न्हाय." मग थोड्या वेळानं, "मला जरा वेळ द्या."

पुढचे दिवस स्टाफरूममध्ये दुसरा विषय निघाला नाही. मला गंमत याची वाटली, की इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेली सगळी मतं सर आता टेबलावर मांडत होते आणि एकही उपयोगी पडत नव्हतं. कर्तव्यवाद म्हणतो, जे सगळ्यांसाठी नियम म्हणून चालणार नाही ते तू करू नको. जन्मानं वरचा आणि जन्मानं खालचा, हा नियम कसा चालेल? म्हणजे नाही. उपयुक्ततावाद म्हणतो, म्हातारीला शांती मिळते, गेलेल्याला पाय कळत नाही, नुकसान कुणाचंच नाही; म्हणजे ठेव. अस्तित्ववाद म्हणतो, मनात नसलेलं सोंग घेशील तर तू स्वतःशी खोटा. आणि आमचं धर्मशास्त्र म्हणतं, पाय तुझा नव्हेच, तू फक्त निमित्त. तुझ्या मनात काय आहे हे कुणी विचारलंच नाही. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जास्त छळत होतं. म्हणाले, तीन पाश्चात्त्य मतांमध्ये निदान मी तरी आहे.

वाघमारे या चर्चेत पडत नव्हते. एकदा बोलले. "स्वामी, तुमचा पाय आमच्या लोकांच्या डोक्यावर पिढ्यान् पिढ्या होता, तवा कुणी एवढी चर्चा केली न्हाय."

सरांनी मान खाली घातली.

"मी टोमणा मारला, पण एक इचारतो," वाघमारे म्हणाले. "त्या बाईंना कुणी इचारलं का, पाय कशाला पाहिजे म्हणून? सगळे ग्रंथ इचारून झाले. आमच्यात म्हणतात, कर्म म्हंजे आधी मनातला हेतू. तुमचा हेतू तुमी आठवडाभर चिवडताय. त्यांचा कुणाला म्हाईत हाय?"

सर त्याच दुपारी आमच्याकडे आले. मी चादर बदलत होते. त्यांनी स्टूल ओढलं आणि अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये सुरुवात केली. माझा विश्वास नाही, म्हणाले. मी पाय ठेवला तरी तो नुसता पाय असेल.

सासूबाई म्हणाल्या, "तुमचा न्हाय ना. डोकं माजं हाय."

सर हसले. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला तो पाय कशाला हवा आहे. मोक्षासाठी? रीत म्हणून? लोक काय म्हणतील म्हणून? त्यांची विचारायची पद्धत अशी होती, की ऐकणाऱ्याला आपल्याला खिंडीत धरलंय असं वाटत नसे. त्यांना खरंच माहीत नसायचं आणि खरंच हवं असायचं.

सासूबाई छताकडे बघत राहिल्या. मला वाटलं, डोळे मिटणार. त्या म्हणाल्या, "जल्मभर मान वर करून चालले. चालावं लागलं. नवरा न्हाय म्हणून बाजार टपलेला. कुणाच्या पाया पडले न्हाय, देवाच्या बी न्हाय, हात जोडले नुसते. आता मान दुखायली. जाताना एकदा खाली ठिवावी वाटतीय."

त्यांच्या घरात मी इतकी वर्षं वावरले, पण हे मला माहीत नव्हतं. मला तर नेहमी वाटायचं, त्यांना मान खाली घालता येतच नाही.

सर म्हणाले, "मग अव्वा, पाय कुणाचाही चालंल की. गल्लीतल्या स्वामींचा का नको?"

"ते रोज ठिवतात. पायरीवर ठिवल्यावाणी ठिवतात." त्यांनी सरांकडे मान वळवली. "तुमाला जड जाईल. ज्याला जड जातंय त्याचाच पाहिजे."

मग सरांनी एक सौदा टाकून बघितला: आधी तुम्ही तुमचा पाय माझ्या डोक्यावर ठेवा, मग फिटंफाट. सासूबाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, ह्यांना चहा दे, हे आता भाव करायला लागले. आणि डोळे मिटले.

सर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दारात मला म्हणाले, मॅडम, मी इतकी वर्षं हा विधी पायाच्या बाजूनं बघत होतो. डोक्याच्या बाजूनं तो दुसराच आहे. मी म्हटलं, सर, मला उत्तर द्या. ते म्हणाले, नाही सापडलं अजून.

त्या आठवड्याच्या शेवटी, सकाळी, सासूबाई गेल्या. मी सरांना फोन केला आणि गल्लीतल्या स्वामींनाही निरोप पाठवला. वेळेवर कुणी नसेल तर पाहुण्यांसमोर शोभा नको. सासूबाईंना भिंतीशी बसवलं, कपाळाला विभूती लावली, हातात लिंग दिलं. स्वामी येऊन बसले. उमरग्याकडचे नातेवाईक आले. सगळ्यांना कुठून तरी कळलं होतं, की मठपतींचा मुलगा येतो की नाही हे बघायचं आहे. माझा नवरा सारखा रस्त्याकडे जाऊन येत होता.

सर रिक्षातून आले, बरोबर वाघमारे. सरांनी अंगणातल्या नळावर स्वतःचे पाय धुतले, आणि खूप वेळ धुतले. जंगमाचे पाय घरातल्यांनी धुवायचे असतात, म्हणून नवरा तांब्या घेऊन पुढे झाला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. आत आले. स्वामींनी बाजूला सरकून जागा दिली. ते भले गृहस्थ, एक शब्द बोलले नाहीत.

सरांनी पाय उचलला आणि त्यांचा तोल गेला. साठीला आलेला माणूस, सवय नाही. भिंतीचा आधार घ्यावा तर भिंतीशी सासूबाई. क्षणभर ते एका पायावर तसे झुलले आणि कुणी हसलं असतं तर सगळंच बिघडलं असतं. वाघमारे दाराशी उभे होते. त्यांनी पुढे होऊन खांदा दिला. सरांनी तो धरला. एक हात वाघमारेंच्या खांद्यावर आणि उजवा पाय सासूबाईंच्या डोक्यावर, असे ते उभे राहिले. कुणी एक नातेवाईक काही कुजबुजला, स्वामींनी त्याच्याकडे बघितलं, तो गप्प झाला. सर खाली वाकून कन्नडमध्ये दोन शब्द बोलले. मी शेजारीच होते. मला कन्नड समजतं. ते म्हणाले होते, जड आहे.

मग पाय काढला आणि अंगणात जाऊन बसले.

दुसऱ्या वक्त्यांनी सांगितलेली गोष्ट इथं संपते. खरी गोष्ट संपली नाही. स्मशानातून परतताना एका पाहुण्यानं सरांना गाठलं. आमचेही वडील शेवटच्या टप्प्यात आहेत, तुम्ही याल का? सर म्हणाले, येईन, पण आधी. पाहुणा म्हणाला, आधी म्हणजे? "ते जिवंत हायेत तवर. त्यांना विचारायचंय, कशाला पाहिजे ते." पाहुण्यानं दुसरा जंगम बघितला.

पण काहींनी बोलावलं. सर निवृत्त झाले आणि एसटीनं गावोगाव जायला लागले. वाघमारे म्हणायचे, स्वामी, राजीनामा मागं घेतला वाटतं. सर म्हणायचे, "न्हाय भंते, हे प्रॅक्टिकल हाय. मॅडमसारखं." मी विचारलं, लोक काय सांगतात. ते म्हणाले, कुणी भीती वाटते म्हणतं. कुणी बापाला मिळाला म्हणून मला हवा म्हणतं. एका बाईनं खूप विचार करून सांगितलं, पाय राहू द्या, तुम्ही नुसते बसा. तर ते बसले. एका घरात मुलांनी, मरणाच्या दारातल्या माणसाला प्रश्न काय विचारता, म्हणून हाकलून दिलं. तेही त्यांनी उत्सुकतेनं सांगितलं. मुलांचंही बरोबर असेल, म्हणाले.

"मग पाय ठेवता की नाही?"

"कुठं ठिवतो, कुठं न्हाय."

"नियम काय?"

"तेच शोधायलोय, मॅडम."

त्यांना मी शेवटचं बघितलं ते माकणीला. कॉलेजच्या मुलांना घेऊन मी निम्न तेरणा धरणाच्या पाण्याचे नमुने घ्यायला गेले होते. बाटल्या भरून जीपकडे येताना गावातल्या एका ओट्यावर सर दिसले. बाजेवर एक म्हातारा पडलेला, सर पायथ्याशी बसलेले. मुलं पुढं गेली, मी थांबले. दोघांचं जोरात चाललं होतं. म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं, त्यामुळं सगळं रस्त्यापर्यंत येत होतं.

म्हातारा विचारत होता, "तुमी आमाला इचारताय. तुमचं काय? तुमी गेल्यावर तुमच्या डोक्यावर कोण ठिवणार?"

सरांनी सांगितलं, कुणी नाही. मी माझं शरीर मेडिकल कॉलेजला देऊन टाकलंय. तिथं शिकणारी मुलं कापून बघतील. त्यांना उपयोग होईल.

मला हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं. म्हातारा कोपरावर टेकून उठला आणि त्यानं सरांच्याच सुरात विचारलं, "आन् ते तुमाला कशाला पाहिजे?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उपयोग होईल हे तर त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि तेवढ्यानं म्हाताऱ्याचं भागलेलं नव्हतं. सरांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, आणि मग हळूहळू असा आनंद, जो अणदूरच्या त्या वडिलांच्या बोलण्यानंतर मी स्टाफरूममध्ये त्यांच्या आवाजात ऐकला होता, चेहऱ्यावर बघितला मात्र नव्हता. त्यांनी बूट काढले, पाय वर घेतले आणि बाजेवर नीट मांडी घालून बसले.

जीपनं हॉर्न दिला. नमुने उन्हात ठेवून चालत नाहीत. मी निघाले तेव्हा म्हातारा वाट बघत होता आणि सर विचार करत होते.